दोनशे बारा की दोनशे तेरा

शिळा संग्रहालयात आली तेव्हा नोंदणीकार बाईंनी आधी तिची लांबी मोजली, मग रुंदी, मग जाडी, आणि मगच चष्मा पुसून अक्षरांकडे बघितलं. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत हा क्रम त्यांनी कधी मोडला नव्हता. वस्तू राजाची असो की भिकाऱ्याची, आधी फूटपट्टी, कौतुक नंतर. संचालक मात्र कौतुकापासूनच सुरुवात करणारे. ते शिळेभोवती प्रदक्षिणा घालावी तसे फिरत होते.

"बाई, बारा दिवसांत मांडायची ही. दर्शनी दालनात, मधोमध. पत्रिका छापायला गेल्यासुद्धा."

"अजून नोंद व्हायचीय, साहेब."

"करा की मग. सरांचं पत्र आलंय सोबत, आता आणखी काय हवं?"

सर म्हणजे बाईंचे कॉलेजातले गुरू. वय एकोणऐंशी. जुन्या काळगणनेवर या भागात त्यांचा शब्द शेवटचा. शिळा एका बांधकाम कंत्राटदाराला जुनी भिंत पाडताना सापडली होती, त्याने ती आधी सरांना दाखवली आणि सरांनी लेखी दिलं होतं: अक्षरवळण अस्सल, दगड अस्सल, आणि 'लेखातील वर्ष तिन्ही गणनांत परस्परांशी जुळते.'

बाई वाचू लागल्या. लेख चारच ओळींचा होता. पाण्याची सोय कुणी केली, कुणाच्या पुण्यासाठी केली, आणि कधी केली. हे 'कधी' त्या काळच्या रीतीप्रमाणे तीनदा सांगितलेलं. राजाच्या राज्याचं नववं वर्ष. देवळाच्या गणनेचं एकसष्टावं. आणि नगर वसल्यापासून दोनशे बारा.

बाईंनी तो आकडा पुन्हा वाचला. मग भिंग घेऊन वाचला. मग त्या स्टुलावर बसल्या.

दोनशे बारा ही त्यांची स्वतःची चूक होती.

ही चूक एकतीस वर्षांपूर्वीची. तेव्हा त्या तेवीस वर्षांच्या होत्या आणि सरांच्या हाताखाली, त्यांच्या काळगणनेवरच्या ग्रंथाच्या शेवटचा तक्ता तयार करत होत्या. एकेक प्राचीन वर्ष घ्यायचं आणि ते राजाच्या, देवळाच्या, नगराच्या गणनेत कितवं येतं ते शेजारी शेजारी मांडायचं. काम कंटाळवाणं, पण त्यांना गोड लागायचं. सर त्यांना कौतुकाने 'गणिती' म्हणायचे. नगराची गणना मांडताना या गणितीने सरलेली वर्षं मोजली. एखाद्याला तिसावं चालू असावं आणि आपण एकोणतीस लिहावं, तसं. नगर वसलं ते वर्ष पहिलं धरायचं, हे तिच्या ध्यानातच आलं नाही. अख्खा रकाना एका वर्षाने मागे पडला. पुस्तक छापून झालं आणि दूरच्या एका विद्वानाने पत्र पाठवून चूक दाखवली. सरांनी उरलेल्या प्रती लगद्याला घातल्या, रकाना सुधारला, दोनशे बाराचं दोनशे तेरा केलं आणि दुसरी आवृत्ती काढली. बाईंना ते एका शब्दाने बोलले नाहीत. फक्त दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत बाईंचं नाव नव्हतं, आणि विभागातली जागा दुसऱ्याच कुणाला मिळाली. बाई संग्रहालयात नोंदी ठेवायला लागल्या.

बाहेर गेलेल्या पहिल्या आवृत्तीच्या प्रती चाळीसच्या वर नसतील. एकवीसशे वर्षांपूर्वीच्या पाथरवटाने त्यातली एक वाचलेली असण्याचा संभव नव्हता. मग दगडावर दोनशे बारा आलं कुठून?

आणि सर 'जुळते' म्हणतात? ज्या माणसाने स्वतःच्या हाताने बाराचे तेरा केले, तो बारा बघून 'जुळते' कसं लिहील? बाईंच्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच. इथे कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि ते सरांच्या दारातून येत होतं.

संशय आला की माणूस आधी आपल्या परिचयाचं काम करतो. बाईंनी नोंदवह्या काढल्या. संग्रहालयाच्या ग्रंथालयात पहिल्या आवृत्तीची एक प्रत होती. कपाटात ती नव्हती. देवघेवीच्या वहीत आठ महिन्यांपूर्वीची तारीख होती आणि पुढे सही. थरथरत्या हाताची, पण ओळखू येणारी. सरांची. परत केल्याचा रकाना कोरा.

"सर स्वतः आले होते?" त्यांनी ग्रंथपालाला विचारलं.

"स्वतः. रिक्षा थांबवून. म्हणाले, जरा संदर्भ बघायचाय." ग्रंथपालाने मान वर केली. "का हो बाई, काही झालं का?"

"नाही. सहज."

सहज म्हणताना आपला आवाज चोरट्यासारखा झाला, हे त्यांना कळलं.

संध्याकाळी घरी आल्यावर पर्ससुद्धा न ठेवता त्या पुस्तकांच्या मांडणीकडे गेल्या. त्यांची स्वतःची प्रत वरच्या फळीवर, उजव्या टोकाला असायची. एकतीस वर्षांत ती कुणी उघडली नव्हती, त्यांनीही नाही. तिच्या जागी आता घरगुती औषधांचं एक जाडजूड पुस्तक होतं, आणि ते इतकं नीट बसवलेलं की कुणी तरी मापून बसवलंय हे उघड दिसत होतं.

"अहो, इथलं माझं पुस्तक?"

त्यांच्या नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान होतं. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत डोळे घालून बघणारा माणूस, पण खोटं बोलायची वेळ आली की त्याची नजर जमिनीवर आणि कान लालभडक. आत्ता दोन्ही झालं.

"कुठलं पुस्तक?"

"तुम्हाला माहितीये कुठलं."

"अगं, मागे साफसफाई केली ना मी. रद्दीत गेलं असेल चुकून."

"तुम्ही? साफसफाई?"

नवऱ्याने वर्तमानपत्र उघडलं. उलटं. जेवताना बाई नवऱ्याकडे अशा बघत होत्या, जणू एवढी वर्षं ज्याच्या शेजारी बसून जेवल्या तो माणूस वेगळाच कुणी होता. हाही सामील? कशात? चष्म्याच्या दुकानाचा आणि राजाच्या नवव्या वर्षाचा काय संबंध? पण संशयाला संबंध लागत नाही, जागा लागते. आणि ती त्यांच्या डोक्यात आता भरपूर झाली होती.

दुसऱ्या दिवशी त्या तळघरातल्या कार्यशाळेत उतरल्या. तिथे संग्रहालयाचा कारागीर बसायचा. तुटलेल्या मूर्ती सांधायचा, दगड साफ करायचा, आणि विक्रीसाठी शिलालेखांच्या हुबेहूब नकला करायचा. सगळे त्याला छिन्नीदादा म्हणत. बाईंच्या मनात सरळ हिशोब होता: शिळा खोटी असेल तर ती कुणीतरी कोरली असणार, आणि जुनं वळण इतकं साधणारा हात गावात एकच.

"काय दादा, काय चाललंय?"

"तुम्ही आणि तळघरात?" छिन्नीदादाने हातोडी खाली ठेवली. "पायऱ्यांनी गुडघे दुखतात म्हणत होता ना तुम्ही?"

"म्हटलं, बघावं." बाई टेबलाभोवती रेंगाळल्या, छिन्न्या उचलून बघितल्या, अर्धवट कोरलेल्या दगडावरून बोट फिरवलं, आणि दादा पाठमोरा झाला तसं चिमूटभर दगडाची भुकटी पाकिटात टाकून पाकीट पदराआड घेतलं.

"बाई," पाठमोरा असतानाच दादा म्हणाला, "पुडी भरली असेल तर पाकिटावर तारीख टाका. नाहीतर तुमच्याच नोंदीत गोंधळ व्हायचा."

बाईंचा चेहरा उतरला. दादा वळला. तो हसत नव्हता.

"माझ्यावर काय संशय आहे ते तोंडावर विचारा. तीस वर्षं दगड फोडतोय, तोंडावरच्या एका प्रश्नाने फुटणार नाही मी."

"ती नवी शिळा..."

"बघितली मी. ट्रकमधून उतरवताना बघितली. हात लावू दिला नाही कुणी. खालच्या कडेला चुना बसलाय जाडसर, तो काढून देतो म्हणालो, तर साहेब म्हणतात राहू दे, जुनाट दिसतं." त्याने हातोडी उचलली. "मी कोरली असती तर चुना लावून अक्षरं झाकली नसती. दाखवली असती."

बाई वर आल्या. खजील झाल्या होत्या, पण संशय गेला नव्हता. दादा सुटला म्हणजे सर आणखी अडकले, एवढंच.

शनिवारी दुपारी त्यांनी सरांच्या दाराची घंटा वाजवली. काकूंनी दार उघडलं, सरांच्या पत्नी, पाठीत वाकलेल्या, पण आवाज खणखणीत.

"ये गं ये. किती वर्षांनी! आता येशील म्हणून हे रोज वाट बघतायत."

रोज वाट बघतायत? बाईंनी चपला काढता काढता तो शब्द मनात टिपून ठेवला.

सर आतल्या खोलीत खुर्चीत बसले होते. खोली लहान, तीन भिंतींना पुस्तकं, चौथीला खिडकी. टेबलावर पहिल्या आवृत्तीच्या प्रतींची चळत होती. एक, दोन, तीन... अकरा. वरच्या प्रतीच्या कडेला बाईंनी तरुणपणी सांडलेल्या निळ्या शाईचा डाग होता. त्यांची प्रत.

"ही इथे कशी?"

"तुझ्या नवऱ्याने दिली. चष्म्याची काच बदलायला गेलो होतो, तेव्हा मागितली. त्यांना म्हटलं, नवी आवृत्ती काढतोय, तिला आयत्या वेळी दाखवू, तोवर बोलू नका." सरांनी डोळे मिटले. "खोटं बोललो. त्या बिचाऱ्याला दोष देऊ नकोस."

"आणि ग्रंथालयातली? या बाकीच्या?"

"हिंडून गोळा केल्या. आठ महिने लागले."

बाईंचा आवाज चढला. "सर, मी तुमच्यासमोर कधी आवाज केला नाही. पण आता सरळ विचारते. शिळेवर दोनशे बारा आहे. ते फक्त या पुस्तकात आहे. तुम्ही पत्रात 'जुळते' लिहिलंत. आणि आता पुराव्याच्या प्रती तुमच्या टेबलावर. काय समजू मी?"

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "तुला वाटतंय, मी केलं?"

"मग दुसरं काय वाटेल?"

"मला वाटलं," सर सावकाश म्हणाले, "तू केलंस."

खिडकीबाहेर कुणीतरी गालिचा झटकत होतं. धप्, धप्.

"मी?"

"आठ महिन्यांपूर्वी कंत्राटदाराने दगड दाखवला. आकडा वाचला मी. म्हटलं, ही चूक जगात एकाच माणसाची आहे. ती आता संग्रहालयात आहे, खाली नकला कोरणारा कारागीर आहे. तो कंत्राटदार म्हणतो भिंतीत सापडली; पण भिंत तर मी जायच्या आत पाडून झाली होती. कुणी बघितलंय?" सरांनी चळतीवर हात ठेवला. "मला वाटलं, एकतीस वर्षांनी पोरीने आपली चूक दगडावर कोरून खरी केली. आणि तिला त्या टोकाला नेलं ते मी. प्रस्तावनेतून तुझं नाव काढताना तुला विचारलंही नाही. म्हणून म्हटलं, निदान पकडली जाऊ नये. प्रती गोळा केल्या, पत्र लिहून दिलं. आयुष्यात पहिल्यांदा खोटं प्रमाणपत्र दिलं, तुझ्यासाठी."

बाईंना हसू आलं की रडू, हे त्यांचं त्यांनाच कळेना. आधी राग आला. ज्याच्यापाशी आपण शिकलो त्याला आपण दगड कोरून लबाडी करू असं वाटावं! आणि लगोलग, त्या रागाच्या पाठीला पाठ लावून, दुसरी गोष्ट आली: आपण तरी काय केलं? आठवडाभर याच माणसाला मनातल्या मनात पिंजऱ्यात उभं केलं होतं.

"सर, मी नाही केलं."

"मीही नाही."

काकू चहा घेऊन आल्या, दोघांचे चेहरे बघितले, आणि ट्रे ठेवून परत गेल्या.

"मग दगड काय म्हणतोय?" शेवटी बाईंनीच विचारलं. आता त्यांचा आवाज नोंदणीकाराचा झाला होता. "तुम्ही नाही, मी नाही, छिन्नीदादाही नाही. दगड खरा धरला तर आकडा का चुकतो?"

"कोरणाऱ्याची चूक असेल."

"राजाचं वर्ष बरोबर, देवळाचं बरोबर, आणि नगराचंच चुकेल? नगर त्यांचं स्वतःचं होतं, सर. आपल्या घरचं साल कोण चुकतं?"

सर पुढे झुकले. "ओळ कुठे संपते?"

"दोनशे बारापाशी. त्याच्यापुढे कड, आणि कडेवर चुना."

"चुना किती?"

"चार बोटं रुंद. माझ्या नोंदीत आहे. शिळा नंतर कुणीतरी भिंतीत बसवली असणार, तेव्हाचा. साहेब काढू देत नाहीत."

"मग ओळ चुन्याखाली पुढे जात असेल!" सर खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठायला लागले. "माझी काठी कुठाय? अगं, माझी काठी!"

"आज शनिवार आहे, सर. सोमवारी."

सोमवारी सकाळी सर रिक्षातून उतरले तेव्हा संचालक पायऱ्यांवर उभे होते. त्यांना वाटलं, समारंभाआधी सर पाहणीला आलेत; ते हार मागवायच्या बेतात होते. बाईंनी त्यांना बाजूला घेतलं.

"साहेब, चुना काढायचाय."

"बाई, तुम्हाला त्या शिळेत नक्की काय खुपतंय? पहिल्या दिवसापासून बघतोय मी. सरांनी पत्र दिलंय..."

"ते पत्र मी मागे घेतोय," सर मागून म्हणाले. "चुना निघेपर्यंत."

संचालकांच्या चेहऱ्यावरून दर्शनी दालन, पत्रिका आणि पाहुणे एका झटक्यात उतरले. पण पत्र देणाराच मागे घेतोय म्हटल्यावर ते बोलणार काय? शिळा तळघरात उतरवली.

छिन्नीदादाने आधी चुन्याचा तुकडा चिमटीत धरून उजेडात बघितला, तोही बाईंच्या नाकासमोर धरून. "हे बघा. यात विटेची भुकटी आहे. आता असं कुणी करत नाही. आणि या मुळ्या बघा, केसासारख्या, आत शिरून तिथेच वाळल्यात. कित्येक पिढ्यांचा चुना आहे हा. कुणी काल लावलेला नाही." मग त्याने बाईंकडे बघून जोडलं, "हवी असली तर पुडी भरून घ्या."

बाईंनी मान खाली घातली. "माझं चुकलं, दादा."

"राहू द्या. दिवा जरा इकडे धरा."

काम अडीच तास चाललं. बारीक लाकडी पाती, कुंचला, पाण्याचे थेंब. सर स्टुलावर बसून होते, संचालक येरझारा घालत होते. साडेबाराच्या सुमाराला चुन्याचं एक ढलपं सुटलं आणि खाली अक्षराची काठी दिसली. मग दुसरी. एकूण तीन अक्षरं निघाली, कडेला दाटीवाटीने कोरलेली. पाथरवटाला जागा कमी पडली होती.

बाईंनी वाचलं. वळून सरांकडे बघितलं. सरांना एवढ्या लांबून दिसत नव्हतं.

"काय आहे?"

"'सरल्यावर', असा अर्थ या तीन अक्षरांचा," बाई म्हणाल्या. "दोनशे बारा सरल्यावर."

संचालकांनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं. "म्हणजे काय झालं?"

"म्हणजे दोनशे बारा वर्षं पुरी झाली होती, साहेब, आणि दोनशे तेरावं चालू होतं," बाईंनी सांगितलं. "सरांचा तक्ता बरोबर. दगडही बरोबर. या नगरात सरलेली वर्षंही मोजत होते, हे मात्र आजवर कुणालाच माहीत नव्हतं."

"म्हणजे शिळा खरी?"

"खरी."

संचालकांनी एवढा मोठा सुस्कारा सोडला की टेबलावरची भुकटी उडाली. ते धावतच वर गेले, पत्रिका वाया गेल्या नाहीत म्हणून.

बाईंना वाटलं होतं, असं काही निघालं तर आपल्याला आनंद होईल. आनंद झालाही, पण त्याच्या पोटात एक लहानसा चटका होता. आपली चूक ती चूकच राहिली. दगडाने साक्ष दिली, पण ती आपल्या बाजूची नव्हती. घटकाभर, शनिवारी दुपारी सरांच्या खोलीत, त्यांना वाटून गेलं होतं की कदाचित आपणच बरोबर होतो, कदाचित सगळं जगच एका वर्षाने चुकलं होतं. ती घटका गेली.

दुपारी त्या सरांना रिक्षापर्यंत सोडायला गेल्या. सर पायरी उतरता उतरता थांबले.

"तू मला माफ करशील का, असं विचारणार होतो. पण तूही माझ्याबद्दल तेच समजत होतीस, तेव्हा विचारायला तोंड राहिलं नाही."

"मलाही राहिलं नाही."

"मग फिटलं का?"

बाईंनी खरं काय ते सांगितलं. "नाही, सर. दोघांचं मिळून दुप्पट झालंय. जरा वेळ लागेल."

सरांनी मान डोलावली आणि रिक्षात बसले.

घरी गेल्यावर त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. त्याने औषधांचं पुस्तक फळीवरून काढून बाजूला ठेवलं आणि म्हणाला, "आठ महिने जीभ चावून बसलो होतो. आता यापुढे कुणीच मला गुपित सांगू नका. कान चटका लागल्यासारखे भाजतात." बाई पोट धरून हसल्या, त्या आठवड्यात पहिल्यांदाच.

शिळा ठरलेल्या दिवशी मांडली गेली. पण पाटीवरचा मजकूर काही ठरेना, कारण तिसऱ्या ओळीतलं एक अक्षर झिजलेलं होतं आणि त्यावर सगळा अर्थ अडला होता. सर मजकूर बघायला आले आणि ठामपणे म्हणाले, शब्द 'कालवा' आहे. बाई म्हणाल्या, 'विहीर'. सर म्हणाले, आकार बघ. बाई म्हणाल्या, आकारच बघतेय, तुम्ही चष्मा बदलून या, घरचंच दुकान आहे. सरांनी काठी आपटली. बाईंनी भिंग आपटलं. तोंडावर, सगळ्यांच्या देखत, हातचं काही न राखता दोघं असे भांडायला लागले की शेजारच्या खोलीतून संचालक धावत आले, बघितलं, आणि दार लोटून घेऊन बाहेरच्या लोकांना म्हणाले, "काही नाही, काही नाही. काम चाललंय."